डेल्फिनच्या न्हाणाचं पाणी

सोमवार, ९ जानेवारी १९८४

आजपासून सहा आठवडे केंद्रात. कॉलेजने शेवटच्या वर्षाच्या सगळ्यांना कुठे ना कुठे कामाला पाठवलंय. बाकीच्यांनी फोर्टातल्या बड्या वकिलांची ऑफिसं पटकावली. मला वसईचं मोफत कायदा सल्ला केंद्र मिळालं, कारण अर्जावर पत्ता आगाशीचा होता. म्हणजे घरून एसटीने जायचं, घरचाच डबा खायचा आणि वर्गात पहिला नंबर असल्याचा काडीचा उपयोग नाही.

केंद्र म्हणजे चर्चच्या हॉलमागची एक खोली. दोन टेबलं, एक बाक, आणि गुडघा लावल्याशिवाय बंद न होणारं कपाट. चालवतात उर्सुलाबाई डाबरे. वीस वर्षं शाळेत शिकवलं, मग चाळिशीनंतर वकिलीची परीक्षा दिली. मंगळवारी आणि शुक्रवारी लुईस नावाचे तरुण वकील येतात. कोर्टातून धावत येतात, सह्या करतात, धावत जातात.

उर्सुलाबाईंचा एक नियम आहे. माणूस आला की पहिला अर्धा तास काही लिहायचं नाही. पाणी द्यायचं आणि ऐकायचं. आज पहिले आले ॲन्सेल्म नावाचे आजोबा. शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी कौलावर आलीय, एवढंच. चाळीस मिनिटं बोलले. मी घड्याळ लावून पाहिलं, त्यातली कामाची मिनिटं चार.

घरी आल्यावर आईने विचारलं, "आज किती जणांना सोडवलंस गो?" तिला वाटतं मी तुरुंगात जाते.

गुरुवार, १२ जानेवारी

एक फॉर्म तयार केला. नाव, पत्ता, विरुद्ध पक्ष, हक्क, पुरावा, मागणी. प्रत्येकाला नेमकी जागा. स्टेन्सिल कापून पन्नास प्रती काढल्या. उर्सुलाबाईंनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाल्या, "छान झालाय. मागची बाजू कोरी ठेवलीस ते बरं केलंस."

मागे छापायला शाई पुरली नव्हती, हे मी सांगितलं नाही.

मंगळवार, १७ जानेवारी

अखेर एक खरी केस मिळाली.

सालोमी तुस्कानो, वय पंचावन्न, विधवा, निर्मळच्या बाजूला राहते. नवरा सॅन्टन दोन वर्षांपूर्वी वारला. शेजारचं घर थोरला दीर बर्नार्ड आणि जाऊ क्लेमेंटीन यांचं. वाटणी झाली तेव्हा मध्ये दगडांचा गडगा घातला गेला आणि विहीर बर्नार्डच्या बाजूला गेली. पण गडग्याला एक फाटक ठेवलं होतं आणि सालोमीचं घर त्यातून पाण्याला जायचं. दोन जानेवारीला बर्नार्डने फाटकाला कुलूप घातलं.

सालोमीची धाकटी मुलगी डेल्फिन, तिचं लग्न एकोणीस फेब्रुवारीला आहे. तारीख पुढे ढकलता येत नाही. मार्चच्या सुरुवातीला त्यांचा उपवासकाळ लागतो, मग ईस्टरपर्यंत लग्नं होत नाहीत.

कुलूप का घातलं, असं मी विचारलं नव्हतं, तरी तिने सांगितलं. नवरा मुलगा एडवर्ड, बँकेत आहे. त्याच्या घरचे घाईत होते, बोलणी एका बैठकीत ठरली. "नाताळात जाऊन बर्नार्डच्या कानावर घालीन म्हनत होते. नवरा असताना तोच जायचा. माझा एकटीचा पाय काय उचलला नाय, बाय. आनि न्यू इयरला त्याला आगाशीच्या बाजारात दुकानदाराकडनं कळलं. त्याच्याच घरची पोर, आनि दुकानदाराकडनं!"

हा भाग गाळला. दाव्याशी त्याचा संबंध नाही.

"तुमची मागणी काय?" असं विचारलं.

"लग्नाच्या आदल्या दिवशी न्हानाचं पानी त्या बावीचं यायला पायजे. बायका बँड घेऊन जातात. थोरली काकी पयली कळशी ओढते नि नवरीच्या आईच्या हातात देते. आमच्या घरात तसंच हाय."

मी लिहिलं: 'मागणी – विहिरीपर्यंत जाण्यायेण्याचा वहिवाटीचा हक्क.'

घरी नळ आहे का, हेही विचारलं. रस्त्याच्या कोपऱ्यावर पंचायतीचा आहे. मग अडलंय कुठे, असं विचारल्यावर ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. ह्या लोकांचं एक आहे, सरळ प्रश्नाला सरळ उत्तर नाही.

गुरुवार, १९ जानेवारी

जागेची पाहणी केली. फाटक अडीच फूट रुंद, कुलूप नवं, पायवाट घासून गुळगुळीत. वीस वर्षांची वहिवाट सहज सिद्ध होईल.

मी टेप धरून मापं घेत असताना क्लेमेंटीन पलीकडून फाटकाशी आली. सालोमी अलीकडे, माझ्या शेजारी. दोघींमध्ये चार लाकडी पट्ट्या.

"कोन गो तू?" क्लेमेंटीनने मला विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाली, "तिला विचार, डेल्फिनचा ड्रेस शिवून झाला काय?"

सालोमी मला म्हणाली, "सांग तिला, बाह्या राहिल्यात."

"तिला सांग, त्या टेलरला गळा जमत नाय. माझ्या पोरीच्या लग्नात त्याने वाट लावली होती."

"सांग, मला ठाऊक हाय. मीच तर उसवून दिला होता रात्रभर बसून."

क्लेमेंटीन थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली. साक्षीदार म्हणून तिचा काही उपयोग नाही, विषयांतर फार करते.

सोमवार, २३ जानेवारी

उर्सुलाबाईंच्या बहिणीचं नाशिकला ऑपरेशन आहे. दहा दिवस नसतील. जाताना म्हणाल्या, "बर्नार्डला माझ्या नावाने एक साधं पत्र लिही. घरी लग्न आहे, मला तुमच्याशी दोन शब्द बोलायचेत, मी आले की चहाला येते. बस्स. बाकी मी आल्यावर बघते."

पत्र लिहिलं. पाच ओळी झाल्या. तीनदा वाचलं. त्यात हक्क नाही, कलम नाही, मुदत नाही. त्याने चुलीत घातलं तर आपल्या हातात काय राहिलं? लग्नाला चार आठवडेही नाहीत. त्यातले दहा दिवस चहाची वाट बघण्यात घालवायचे, हे मला पटेना.

पत्र फाडलं आणि नोटीस तयार केली. बारा परिच्छेद, दोन पानं. सात दिवसांत कुलूप काढावं, अन्यथा दिवाणी आणि फौजदारी कारवाई. मी आजवर लिहिलेली सगळ्यात चांगली गोष्ट आहे ही. खोटी नम्रता कशाला?

मंगळवार, २४ जानेवारी

लुईस वकिलांनी दुसरं पान वाचलं आणि सही केली. "भाषा कडक आहे, पण ठीक," असं म्हणाले. सालोमीला बोलावून वाचून दाखवली.

"एवढं सगळं मी बोलले?" तिने विचारलं.

"तुम्ही बोललात त्याचा हा कायदेशीर अर्थ आहे."

"रागावेल काय तो?"

"रागावला तरी कायदा आपल्या बाजूने आहे."

ती पेन धरून बसून राहिली. "नुसतं भेटायला ये म्हनून लिवता नाय येनार, बाय?"

मी सांगितलं, त्याला वजन नसतं. मग तिने सही केली, पूर्ण नावाची, एकेक अक्षर थांबून. नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली.

रात्री जेवताना घरी सांगितलं. बाबा केळीच्या वखारीत बर्नार्डला ओळखतात. "पोस्टाने?" ते म्हणाले. "शेजारच्या घराला?"

"रजिस्टर पोस्टाने," मी म्हटलं.

त्यांनी पुढचा घास घेतला. आई म्हणाली, "खा गो, भात निवतो."

सोमवार, ३० जानेवारी

आजचा प्रसंग सविस्तर लिहून ठेवते. माझी परीक्षाच होती, आणि मला वाटतं मी पास झाले.

साडेअकराला बर्नार्ड तुस्कानो स्वतः केंद्रात आला. उंच, वाकलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट. उर्सुलाबाईंना विचारलं. नाहीत म्हटल्यावर जायला निघाला, पण परत येऊन बाकावर बसला. मला म्हणाला, "तू गंगारामाची पोर ना? पानवेलीच्या वाडीतली?"

मी सांगितलं, इथे मी केंद्राची प्रतिनिधी आहे.

"चंद्रकांता नाव ना तुझं? तुझ्या बारशाला आलो होतो मी."

मी फॉर्म पुढे ओढला.

त्याने नोटिशीचं पाकीट काढलं. ते पोस्टमनने दारात उभं राहून सगळ्या आळीसमोर सही घेऊन दिलं, असं म्हणाला. मग खिशात हात घालून एक नवी किल्ली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "सालोमीला सांग..." असं म्हणून थांबला.

मी त्याला तिथेच अडवलं. विरुद्ध पक्षाशी आम्हाला परस्पर बोलता येत नाही, त्यांनी वकिलामार्फत बोलावं. आणि वादातली वस्तू अशी पावतीशिवाय स्वीकारता येत नाही, ती कोर्टात सादर करावी. आवाज एकदाही चढवला नाही.

"वकील?" तो म्हणाला. "माझ्या भावाच्या बायकोशी बोलायला?"

मी म्हटलं, सध्या त्या आमच्या अशील आहेत.

त्याने पाणी मागितलं, ते मी दिलं. किल्ली उचलली, पाकिटात घातली, पाकीट खिशात घातलं आणि उठला. दारात म्हणाला, "बापाला सांग, बर्नार्डकाका भेटला होता."

तडजोडीच्या आमिषाला बळी पडायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

गुरुवार, २ फेब्रुवारी

उर्सुलाबाई आल्या. नोटिशीची प्रत उभ्यानेच वाचली. मग केंद्राच्या वहीतली तीस तारखेची माझी नोंद वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"किल्ली टेबलावर ठेवली होती?"

"हो. मी घेतली नाही."

त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. संध्याकाळपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. नोटिशीत एकही चूक काढली नाही, हे मात्र इथे लिहून ठेवते.

सोमवार, ६ फेब्रुवारी

काल चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर उर्सुलाबाई बर्नार्डकडे जाऊन आल्या. क्लेमेंटीनने चहा दिला. बर्नार्डने सांगितलं, तुमच्याच ऑफिसने वकील करा म्हटलं, मी केला, आता त्यालाच विचारा.

"मग सालोमीने स्वतः जावं," मी म्हटलं. "कायद्याने काही अडत नाही."

"मीही तिला तेच सांगितलं," उर्सुलाबाई म्हणाल्या. "शनिवारी गेली होती ती. फाटकाशी पंधरा मिनिटं उभी राहिली आणि घरी आली. नोटीस मी पाठवली, आता कुठल्या तोंडाने हाक मारू, म्हणते. आता दावाच लावावा लागेल, चंद्रकांता. निदान फाटक तरी उघडं पाहिजे."

परवा दाखल करायचा. मजकूर मीच लिहिला.

सोमवार, १३ फेब्रुवारी

जिंकलो.

न्यायाधीशांनी बर्नार्डच्या वकिलाला विचारलं, तुमचं म्हणणं काय? वकील म्हणाले, पक्षकाराने मला काही सांगितलेलंच नाही, ते कोर्टातही आले नाहीत. असा निष्काळजी पक्षकार! सात मिनिटांत तात्पुरता हुकूम झाला. कुलूप काढावं, सालोमी तुस्कानो आणि तिच्या घरच्यांना विहिरीवर जाण्यास अडथळा करू नये. लुईस वकिलांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. युक्तिवादातले मुद्दे माझे होते, असं त्यांनी उर्सुलाबाईंसमोर सांगितलं.

सालोमी कोर्टाच्या आवारात चिंचेखाली उभी होती. मी धावत जाऊन सांगितलं. "तो आला होता काय?" हा तिचा पहिला प्रश्न.

मला फार आनंद झालाय. एसटीत उभं राहून आले, ते जाणवलंही नाही.

शनिवार, १८ फेब्रुवारी

काल बेलिफाने जाऊन कुलूप काढलं. बर्नार्डने पंचनाम्यावर मुकाट सही केली.

आज पाणी आणायचं होतं. सालोमीने मला बोलावलं होतं. उर्सुलाबाईही होत्या. मी हुकुमाची नक्कल पर्समध्ये ठेवली होती, कोणी अडवलंच तर दाखवायला.

चारच्या सुमारास बँड सुरू झाला. मांडवातून बायका निघाल्या, वीसेक असतील, लाल लुगडी, केसांत अबोली. सालोमीच्या हातात घासून लखलखीत केलेली तांब्याची कळशी. डेल्फिन दारात उभी राहून बघत होती. फाटक सताड उघडं होतं. पलीकडे विहीर, काठावर दोर आणि पोहरा. कोणीतरी काठ झाडून, पाणी शिंपडून ठेवला होता. बर्नार्डच्या घराचं दार मात्र लावलेलं. खिडकीचा पडदा हलल्यासारखा वाटला.

सालोमी फाटकाशी थांबली. बँडने एक गाणं संपवलं, दुसरं धरलं, तेही संपलं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मी पुढे होऊन म्हटलं, "जा ना. आता कोणी अडवू शकत नाही."

तिने माझ्याकडे वळून विचारलं, "बाय, त्या कागदात क्लेमेंटीनला बाहेर यायला लिवलंय काय?"

मी म्हटलं, असा हुकूम कोर्ट देत नाही.

"मग पयली कळशी कोन ओढील?"

"तुम्ही ओढा. हक्क तुमचाच आहे."

"आईनं ओढायची नसते गो," मार्गारेट नावाची म्हातारी मागून म्हणाली. सालोमीने तिच्याकडे पाहिलं, तशी मार्गारेट एक पाऊल मागे सरली. मग दुसरीकडे पाहिलं, तीही सरली. नंतर उर्सुलाबाईंनी मला समजावलं, की क्लेमेंटीन घरात असताना जी बाई तो दोर धरेल, ती क्लेमेंटीनला त्या घरातून कायमची बाद करेल, म्हणून कोणी पुढे होईना. तेव्हा मला वाटत होतं, नुसती टाळाटाळ चाललीय. मी सालोमीला हेही सांगितलं, की मिळालेला हक्क वापरला नाही तर पुढे केस कमजोर होते. बँड थांबला होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

सालोमीने फाटक ओढून घेतलं. आपल्या हाताने कडी लावली. बँडवाल्यांना रस्त्याचा कोपरा दाखवला. सगळी मिरवणूक पंचायतीच्या नळावर गेली.

नळाशीही तेच झालं. कळशी धरायला कोणी येईना. पाणी सुटलं होतं आणि नुसतं वाहत होतं. सालोमीने ती माझ्यापुढे धरली. "तूच भर, बाय. तू ना आमच्या घरातली, ना तिच्या."

मी भरली. तांब्याची भरलेली कळशी एवढी जड असते, हे माहीत नव्हतं. तिच्या हातात दिली तेव्हा निम्मं पाणी माझ्याच साडीवर सांडलं. कोणी हसलं नाही. परत येताना बायका गाणं म्हणतात म्हणे, आज नुसता बँड वाजला. मांडवात डेल्फिनने कळशी पाहिली आणि विचारलं, "काकी?"

मला लाज वाटली. का वाटावी? माझा कागद बरोबर होता. पण वाटली, म्हणून लिहिते.

घरी आईने ओली साडी पाहून विचारलं, कुठे पडलीस? मी म्हटलं, लग्नघरी पाणी भरायला मदत केली. "चांगलं केलंस," ती म्हणाली.

सोमवार, २० फेब्रुवारी

शेवटचा दिवस. काल लग्नाला मी गेले नाही. उर्सुलाबाईंनी सांगितलं, बर्नार्ड आणि क्लेमेंटीन चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले होते. डेल्फिन बाहेर पडताना त्यांच्याजवळ गेली. क्लेमेंटीनने तिच्या कपाळावर क्रूस केला आणि गळ्याची शिवण नीट केली. मांडवात मात्र दोघं आले नाहीत.

दुपारी सालोमी आली. केळ्याच्या पानात लग्नातलं गोड आणलं होतं. तिने पाणी घेतलं, बाकावर बसली आणि हुकुमाची नक्कल माझ्यासमोर ठेवली.

"हा कागद परत देता येतो काय, बाय?"

मी सांगितलं, दावा काढून घेता येतो. तसा अर्ज द्यावा लागतो.

"आनि पोस्टाने गेलेला?"

"तो गेला," मी म्हटलं. "तो परत येत नाही."

मी काही लिहिलं नाही. उर्सुलाबाई कपाटाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. शेवटी सालोमी म्हणाली, "मग येतो तेवढा तरी काढ."

मी कोरा कागद घेतला. तिचं नाव लिहिलं, बर्नार्डचं लिहिलं, दाव्याचा नंबर घातला. दावा काढून घेण्याचं कारण द्यावं लागतं. समझोता झाला, असं लिहिण्याची पद्धत आहे. तसा तो झालेला नाही. मी तिला विचारलं, कारण काय लिहू?

"लिव, माझी जाव माझ्याशी बोलत नाय."

तेच लिहिलं.